पुढचा बॅक, मागचा बॅक

मास्टरसाब, तुम्ही मला फसवलंत. हे मला आठ वर्षांनी कळलं, तेही भर दुपारी, धाराशिवच्या आडत बाजारात, हमालांच्या देखत. त्याला आज अकरा दिवस झाले, तरी डोकं ठिकाणावर नाही. जेवायला बसतो आणि घास हातातच राहतो. कापसाच्या जिनिंगमध्ये काट्यावर उभा असतो, गाडीवान म्हणतो, "अहो, वजन लिवा की," आणि मी नुसता त्याच्या तोंडाकडं बघत राहतो. जिवंत माणसानं फसवलं असतं तर मी काय केलं असतं ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. पण तुमची गचांडी धरायला तुम्ही आहात कुठं? कबरीवर जाऊन ओरडलो तर लोक मला वेडा म्हणतील, आणि अर्धं ते आत्ताच म्हणताहेत. म्हणून लिहायला बसलोय.

पहिल्यापासून सांगतो, कारण मला स्वतःलाच ते परत एकदा नीट बघायचं आहे. तुम्ही आमच्या हायस्कुलात ड्रिल मास्टर म्हणून आलात तेव्हा मी नववीत होतो. निजामाच्या अमदानीत तुम्ही हैदराबादला पोलिसांच्या फुटबॉल टीममध्ये बॅक खेळलेले. अमदानी गेली, नोकरी गेली, आणि तुम्ही एक चामड्याचा बॉल, एक शिट्टी आणि गुडघ्याचं जुनं दुखणं घेऊन आमच्या गावात आलात. शाळेतली सगळ्यात उंच दोन पोरं तुम्ही पहिल्याच दिवशी रांगेतून कान धरून बाहेर काढलीत. एक मी, कोर्टातल्या कारकुनाचा पोरगा, बोलायच्या आधी हात उचलणारा. दुसरा उमरग्याकडच्या आडत्याचा मुलगा, घरात कानडी बोलणारा आणि बाहेर कुठलीच भाषा फारशी न बोलणारा. त्याचं नाव इथं लिहीत नाही. तुम्ही त्याला "दीवार" म्हणायचात आणि मला "तोप." मी त्याला आजवर जोडीदारच म्हणत आलो.

तिसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून एक कासरा आणलात. बैलाचा असतो तोच, नवा कोरा, अंबाडीचा वास येणारा. एक टोक माझ्या कमरेला बांधलंत, दुसरं त्याच्या. सगळं मैदान हसलं. कुणीतरी ओरडलं, "मास्टरसाब, वेसण राहिली की!" तुम्ही वळून बघितलंसुद्धा नाही. म्हणालात, "हसने दो. बैलकू मालूम रहता, दूसरा किधर है. तुमकू मालूम नई." मग आमची रोजची तालीम सुरू झाली. कासरा ताठ झाला की आम्ही फार लांब गेलो. मातीत लोळला की फार जवळ आलो. मधे त्याचं पोट जमिनीपासून वीतभर वर झुलत राहिलं पाहिजे. बॉल हवेत उंच आला की दोघांतला एकच जाणार, आणि दुसरा त्याच वेळी त्याच्या मागं तिरका सरकून गोलची वाट अडवणार. तालमीचे पहिले दोन दिवस तुम्ही मला मागं ठेवलंत, त्याला पुढं. संध्याकाळी अंघोळीला बसलो तर कमरेवर कासऱ्याचे लाल वळ. तिसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या जागा बदलल्यात. मला वाटलं, माझी उडी बघून तुम्ही मला बढती दिली. त्या रात्री मी घरी आईला सांगितलं, मी पुढचा बॅक झालो.

पुढच्याचं काम काय, ते तुम्ही एका वाक्यात सांगितलं होतं. मी बॉल आपल्या ताब्यात घ्यायला धडपडत होतो, समोरच्या फॉरवर्डशी कुस्ती करत होतो. तुम्ही शिट्टी मारून थांबवलंत. "तेरेकू बॉल मिलना करके कौन बोल्या? उसकू नई मिलना, बस्स." म्हणजे मी नुसतं त्याच्या बरोबर वर जायचं, खांदा भिडवायचा, कपाळानं बॉलची दिशा बिघडवायची. पडलेला बॉल उचलायला मागचा आहेच. पुढच्यानं मागं वळून बघायचं नाही, मागच्यानं तोंड बंद ठेवायचं नाही. मागच्याचे शब्द दोनच. "जा" म्हटलं की पुढच्यानं जायचं. "सोड" म्हटलं की कितीही मोह झाला तरी पाय जमिनीला चिकटवून ठेवायचे, कारण तो बॉल मागच्याला जास्त सोपा असतो. मागच्याला सगळं मैदान दिसतं, पुढच्याला नुसतं आभाळ.

आणि काय उड्या मारल्या मी! बॉलच्या शिवणीतल्या वादीनं माझ्या कपाळावर असे ओरखडे उठायचे की आई म्हणायची, "मांजराशी झोंबतोस का रे?" मी वर गेलो की सगळं मैदान "आऽऽ" करायचं. लोक कुंपणावर चढून बघायचे. आणि बॉल खाली पडायचा तो बरोबर जोडीदाराच्या पायापाशी. तो एकदा इकडं बघायचा, एकदा तिकडं, आणि हळूच हाफकडं सरकवून द्यायचा. त्याच्यासाठी कधी कुणी टाळी वाजवली नाही. उलट लोक म्हणायचे, गडी नशिबाचा आहे, बॉल कसा आपसूक त्याच्याकडं येतो. मीही म्हणायचो. त्याच्या तोंडावर म्हणायचो. तो हसायचा.

तुमच्या घरचा स्वयंपाक आठवतो. आम्ही दोघंही लिंगायत, गळ्यात लिंग, घरी कळलं असतं तर चामडी लोळवली असती. तुमच्या बायकोला आम्ही चाची म्हणायचो. तिनं आमच्यासाठी म्हणून बाजारातून नवी हंडी आणली होती आणि ती वेगळ्या फळीवर पालथी घालून ठेवायची. आम्ही दारात दिसलो की लांबूनच सांगायची, "तुम्हारी हंडी अलग है बाबा, डरो नक्को." खट्टी दाल आणि भात. भिंतीला टेकून आम्ही जेवतोय, तुम्ही पितळेचे दोन पेले आणि गुळाचा खडा घेऊन जमिनीवर आम्हाला खेळ समजावताय. मी तोंडातला घास न गिळताच विचारतो, "मास्टरसाब, मीच का पुढं?" तुम्ही हसता. "तोप है तू, बेटा. तोप आगे रहती." चाची चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणते, "और दीवार किधर रहती?" तुम्ही म्हणता, "घर में." आम्ही तिघं हसतो. जोडीदार मात्र मान वर करत नाही, दाल ओरपत राहतो. त्या वेळी मला वाटलं, भुकेला आहे.

आता लातूरच्या मॅचचं लिहितो. अक्षर वाईट आलं तर तुम्हीच काय ते समजून घ्या.

ती मॅच आपल्याच मैदानावर होती. त्यांचा सेंटर फॉरवर्ड माझ्याहून चार बोटं उंच, उघड्या पायांचा, अंगानं वाळलेला पण हवेत गेला की खाली यायचं विसरणारा. हाफटाइमपर्यंत मी त्याला एकही बॉल नीट लागू दिला नव्हता. माझ्या नावानं पोरं ओरडत होती. मैदानाच्या भिंतीवर बसलेल्या पोरांनी माझ्यावर काहीतरी घोषणासुद्धा रचली होती. मला वाटत होतं, मी एकटा उभा राहिलो तरी गोल होणार नाही. शेवटची काही मिनिटं उरली असताना त्यांच्या हाफनं बॉल उंच उडवला. ऊन माझ्या डोळ्यांवर. बॉल थोडा मागं चालला होता. मी मागं मागं पळत उडी घेतली. जोडीदार पुढं येत उडी घेत होता. कवटीवर कवटी आदळली. नारळ फुटावा तसा आवाज झाला. बॉल आमच्या दोघांच्या मधून खाली पडला आणि त्या लातूरच्या पोरानं तो अक्षरशः चालत चालत गोलमध्ये नेला. एक गोलनं हरलो. जोडीदाराची भुवई फाटली होती, रक्तानं सदरा भिजला होता. मी उठून सगळ्यांसमोर ओरडलो, "ह्यानं हाकच मारली न्हाई!"

तो रुमाल डोळ्यावर दाबून म्हणाला, "व्हय. मारली न्हाई."

आणि तुम्ही त्याला झापलंत, माझ्यादेखत, लातूरच्या पोरांच्या देखत. "मूँ में गुड रख्या था क्या? पीछेवाला गूंगा रह्या तो आगेवाला मरता!" मी मान ताठ करून उभा होतो. पुढच्याच आठवड्यात बीडची मॅच होती, तिथं आम्ही दोन गोलनं जिंकलो आणि मी अशा उड्या मारल्या की बीडच्या मास्तरांनी येऊन माझी पाठ थोपटली. जोडीदार भुवईला पट्टी बांधून खेळला.

त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मी सोलापूरला मावशीकडं होतो. परत आलो तेव्हा दहा दिवस उलटून गेले होते. कुणीतरी रस्त्यात सहज सांगितलं, "तुमचे ड्रिल मास्टर गेले की, ताप डोक्यात गेला." मी पळत तुमच्या घरी आलो तर दाराला कुलूप. चाचीला तिचा भाऊ येऊन हैदराबादला घेऊन गेला होता. खिडकीतून आत बघितलं, फळीसुद्धा रिकामी होती. जोडीदारानं जनाज्याला खांदा दिला हे मला नंतर कळलं, त्याच्या बापानं त्याबद्दल त्याला आठ दिवस दुकानात पाय ठेवू दिला नाही, हेही. मला त्याचा राग आला होता, मास्टरसाब. वाटलं, तिथं मी असायला हवा होतो, मी तुमचा पुढचा बॅक.

पुढचं तुम्हाला माहीत नाही, तेव्हा थोडक्यात सांगतो. दोन-तीनदा आपटून मॅट्रिक झालो, सोलापूरला कॉलेजात गेलो. जोडीदारानं वडिलांचं दुकान धरलं. त्याची मावसबहीण भूमची, तिच्या वडिलांचं, आप्पांचं, तिथं कापडाचं दुकान आहे. ती मास्तरणीच्या ट्रेनिंगला धाराशिवला आली आणि त्याच्या घरी राहू लागली. सुटीत मी त्याच्याकडं गेलो आणि ती अंगणातल्या आडावर पाणी शेंदत होती. बाकीचं काय लिहू? तुम्ही असता तर म्हणाला असतात, तोप फुटी. दोन वर्षं मी सोलापूरहून दर शनिवारी गाडी धरून यायचो. बोलणं चार वाक्यांचं व्हायचं, तेही जोडीदाराच्या आईच्या समोर. पण तिनंही एकदा स्पष्ट सांगितलं होतं, "तुम्ही बी.ए. व्हा. मी ट्रेनिंग पुरं करते. मग आप्पांशी मी बोलते. तोवर तुम्ही त्यांच्यासमोर येऊ नका, तेवढं एकच करा." मी म्हटलं, "बस्स, एवढंच?" ती म्हणाली, "तुम्हाला तेच जड जाईल."

गेल्या वर्षी उडत उडत कानावर आलं की तिला स्थळं बघताहेत. इंटरची परीक्षा चार दिवसांवर होती. मी पुस्तकं खोलीतल्या पोरांना वाटून टाकली आणि थेट भूम गाठलं. बाजाराचा दिवस होता. दुकानात बायकांची ही गर्दी. मी चप्पल न काढताच गादीपाशी गेलो आणि तिच्या वडिलांना सांगितलं, तुमच्या मुलीशी लग्न मी करणार. ते डोळ्यावरचा चष्मा वर करून म्हणाले, "शिक्षण किती?"

"सोडलं."

"काम काय करता?"

"बघू."

"मग माझी पोरगी काय 'बघू'ला द्यायची?"

खणांची घडी हातात धरलेली एक म्हातारी म्हणाली, "आधी खण दावा वो शेठ, जावाई मागनं बघा." सगळं दुकान हसलं. मी कापड मोजायचा गज उचलला आणि गादीच्या लाकडी कडेवर असा आपटला की त्याचे दोन तुकडे झाले. आठ दिवसांत त्यांनी मुलीला ट्रेनिंगमधून काढून भूमला नेलं. तेव्हापासून ती घरात आहे. मी जिनिंगच्या काट्यावर आहे. वर्षभर मी सगळ्यांना सांगत होतो की तिच्या बापानं तिचं आयुष्य नासवलं.

अकरा दिवसांपूर्वी बातमी आली, बार्शीचे पाहुणे तिला बघायला येणार. मी काट्यावरून तसाच निघालो, आडत बाजारात जोडीदाराच्या दुकानात शिरलो. म्हटलं, "चल ऊठ, भूमला जायचं. ह्या वेळी दोघं जाऊ. बघू कोण पाहुणा दारात पाय ठेवतो."

तो ज्वारीच्या पोत्यावर बसला होता. म्हणाला, "बस. पाणी पी."

"पाणी पी म्हणं! येतोस का न्हाई?"

"न्हाई. आन् तूबी जात न्हाईस."

मी वळलो तर तो उठून दारात उभा. दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना. माहीत आहे ना तुम्हाला त्याचे हात? त्याच्या काखेखालून बाजार दिसत होता, पण जायला वाट नव्हती. मी त्याच्या छातीवर हात टाकला. तो हलला नाही. मागं एक हमाल पाठीवर पोतं घेऊन येऊन थांबला होता, तो म्हणाला, "मालक, हे पोतं ठिवू का तुमचं भांडण सपूस्तोवर पाठीवरच ऱ्हाऊ दिऊ?" बाकीचे हमाल हसले. जोडीदार हसला नाही. म्हणाला, "आठ वर्सं झाली. मास्टरसाबनी सांगू नको म्हणले व्हते म्हणून गप बसलो. आज सांगतो. लातूरच्या मॅचला म्या 'सोड' म्हणलं व्हतं. दोनदा."

"खोटं बोलतोस."

"मास्टरसाब गोलच्या मागंच हुबं व्हते. त्यांनी ऐकलं. तू बी ऐकलंस."

मास्टरसाब, त्या क्षणी बाजारातला सगळा आवाज बंद झाला. तराजूंचा, बैलांचा, हमालांचा. आणि मला त्याची हाक ऐकू आली. आठ वर्षांमागची, स्वच्छ, दोनदा. ऐकली होती. खरंच ऐकली होती, उडी घ्यायच्या आधी ऐकली होती. ऐकून माझ्या मनात आलं होतं, आज माझ्या नावानं ओरडताहेत, हा बॉलसुद्धा माझाच. हे सगळं अर्ध्या क्षणात झालं असणार, पण झालं होतं. इतकी वर्षं ते मी कुठं पुरून ठेवलं होतं मला ठाऊक नाही. माणूस आपल्याच डोक्यात असं काही लपवू शकतो आणि रात्री निवांत झोपू शकतो, ह्याचाच मला अजून धक्का आहे.

मी पोत्यावर बसलो. तो दारातूनच सांगत होता. सरकारी दवाखान्यात त्याच्या भुवईला टाके पडल्यावर तुम्ही त्याच्या शेजारी बाकावर येऊन बसलात. त्याला म्हणालात, तुझी हाक मी ऐकली, सगळ्यांसमोर तुला बोललो, माफ कर. तोपला आज खरं सांगितलं तर बीडच्या मॅचला तो उडी मारायच्या आधी विचार करेल, आणि विचार करत बसणारा पुढचा बॅक कामाचा नाही. जोडीदारानं तुम्हाला विचारलं, मग मला पुढं का नाही ठेवत? तुम्ही म्हणालात, दोन दिवस ठेवून बघितलं की. तू दोन्हीकडं चालतोस. त्याला मागं ठेवलं की तो पळतोच, कासऱ्यानं कंबर सोलली तरी पळतो. त्याला मागं ठेवताच येत नाही म्हणून तो पुढं आहे. चांगला बॅक तू आहेस. "लेकिन दो लगते, क्या करें?" आणि शेवटी म्हणालात, वार्षिक परीक्षा होऊ दे, उसकू मैं खुद बोलूंगा.

परीक्षा झाली आणि तुम्हाला ताप आला.

ह्यालाच मी फसवणूक म्हणतो. एका मॅचसाठी तुम्ही माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधलीत आणि सोडायच्या आधी निघून गेलात. मी ती पट्टी बांधूनच सोलापूरला गेलो, भूमला गेलो, गज मोडला. प्रत्येक वेळी वाटलं, मी शूर आहे, बाकीचे भित्रे, संथ, मागं राहणारे. तुम्ही त्या दिवशी त्याच्याऐवजी मला झापलं असतं, सगळ्यांसमोर एक थोबाडीत दिली असती, तर बीडची मॅच हरलो असतो. हरलो असतो तर काय झालं असतं? काय होतं असं त्या बीडच्या मॅचमध्ये? विचारतोय मी. आणि विचारता विचारताच हेही कळतंय की कुणी झापलं नाही म्हणून कान बंद ठेवायची काही गरज नव्हती. कान माझेच होते. पण आज मला तुमच्यावर रागावू द्या. इतकी वर्षं मी तुम्हाला नुसताच मानत आलो.

जोडीदाराचं बोलणं तिथं संपलं नव्हतं. दारातले हात खाली घेऊन, हमालाला वाट देऊन, तो माझ्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला, "तिचा निरोप आलाय. पाहुणे येऊन जाऊ देत. ती त्येंच्यासमोरच न्हाई म्हणणार हाय. आप्पा नरमलेत, ट्रेनिंग पुरं करू द्यायचं म्हणायला लागलेत. पण हा बाबा दारात दिसला तर आप्पा त्याच दिवशी सुपारी फोडतील, आन् मग देव आला तरी ऐकायचे न्हाईत. असं म्हणली ती."

"आणि मी काय करू तोवर?"

"काय करू नको."

"म्हणजे काय करू?"

त्यानं पोत्यातून सांडलेले ज्वारीचे दाणे वेचून परत आत टाकले. मग म्हणाला, "म्या लहानपणापासनं तेच करतोय. काय सांगायचं त्यात? हुबं ऱ्हायचं."

हे म्हणायला सोपं आहे. तुम्ही मागच्या बॅकला काय सांगायचात ते मी कधी लक्ष देऊन ऐकलंच नव्हतं, त्यामुळं कसं उभं राहतात ते मला कुणी शिकवलेलं नाही. पहिल्या दिवशी काट्यावर चार वेळा वजन चुकलो. दुसऱ्या दिवशी जोडीदार दुपारी मुद्दाम जिनिंगवर आला, माझ्याशेजारी बसून शेंगा खाऊन गेला, एक शब्द बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याला शिव्या दिल्या, तेव्हाही तो शेंगाच खात होता. पाहुणे चौथ्या दिवशी यायचे होते. त्या सकाळी तो यायच्या आत मी स्टँड गाठला आणि भूमच्या गाडीत बसलो. मागच्या बाकावर, खिडकीपाशी. गाडी सुटली. डोळ्यांसमोर तो बार्शीचा पोरगा तिच्या हातचे पोहे खातोय. नाक्यावर गाडी थांबली आणि मी उतरलो. उन्हात चालत परत आलो. जोडीदार काट्यापाशी शेंगांचा पुडा घेऊन उभाच होता. मी म्हटलं, "गेलो होतो. नाक्यावर उतरलो." त्यानं पुडा माझ्या हातात दिला आणि पहिल्यांदाच माझ्या पाठीवर थाप मारली.

परवा भूमहून त्याच्या मावशीचं, म्हणजे तिच्या आईचं, पत्र आलं. पाहुणे आले. तिनं पोहे ठेवले आणि सरळ सांगितलं, मला अजून वर्षभर शिकायचं आहे, तुम्ही थांबू नका. बार्शीवाले पोहे अर्धे टाकून उठले. आप्पांनी पितळेचा तांब्या अंगणात भिरकावला, दोन दिवस जेवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, ट्रेनिंगचं काय ते बघा. सोमवारी ती धाराशिवला परत येते आहे. अट एक आहे, ट्रेनिंग पुरं होईपर्यंत मी जोडीदाराच्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही. शनिवारी नाही, सणालाही नाही. नंतर बोलायचं की नाही ते तेव्हा बघू, असं आप्पा म्हणाले. म्हणजे "बघू" त्यांनीही म्हटलं. पत्र मी पाचसहा वेळा वाचलं. मी तिथं नव्हतो आणि काम झालं. मी नव्हतो म्हणूनच झालं. मास्टरसाब, मला आनंद व्हायला पाहिजे, आणि झालाही, पण त्याच्याआधी हाच धक्का बसला. माझ्याशिवाय सगळं इतकं नीट होतं?

हे पत्र पेटीत टाकता येणार नाही. चाचीचा हैदराबादचा पत्ता कुणाकडं नाही, आणि असता तरी तिला हे वाचून कोण दाखवणार, आणि कशाला. जिनिंगच्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर लिहिलंय, पावत्यांतच राहील.

पण एक राहिलं. मी नाक्यावर उतरलो ते तुमची गोष्ट ऐकून अक्कल आली म्हणून, असं जोडीदाराला वाटतं. त्यानं मावशीला तसं लिहिलं, मावशीनं तिला सांगितलं, आणि तिनं म्हणे ते परत एकदा सांगायला लावलं. झालं असं, की नाक्यावर तिचा चुलता, गज मोडताना मला पाहिलेला, गाडीत चढला. सगळ्या गाडीत रिकामी जागा एकच होती, माझ्या शेजारी. तो छत्री सावरत माझ्याकडं यायला लागला तसा मी टॉवेल तोंडावर ओढला, माझ्यासारख्या लांबड्याला जेवढं लहान होता येतं तेवढा झालो, आणि त्याच्या काखेखालून वाकून खाली उतरलो. त्यानं ओळखलं का नाही, देव जाणे. जोडीदाराला मी हे अजून सांगितलेलं नाही.